धाकटीचे ठिपके आणि सासूबाईंची किडनी

आमच्या घरात धाकटीला एक नाव पडलं होतं, 'बघावं-लागेल'. ते मीच पाडलं, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. माणसाला सरळ प्रश्न विचारला तर त्याने सरळ उत्तर द्यावं, एवढीच माझी अपेक्षा असते. मी पोस्टाच्या खिडकीवर बसते. पार्सल कधी पोचेल असं दिवसभर लोक विचारतात आणि मी 'परवा' म्हणून सांगून मोकळी होते. पोचलं तर पोचलं. धाकटीला विचारावं, बाई गं, आज लवकर येशील का, तर ती मान कलती करून विचार करणार आणि म्हणणार, "बघावं लागेल." भाजीत मीठ घातलंस का? "बघावं लागेल." अगं, घालणारी तूच ना!

ती माझी जाऊ. दिराचं लग्न ठरलं तेव्हा कानावर आलं होतं की मुलगी लस बनवणाऱ्या संस्थेत आहे. मला वाटलं, पांढरा कोट, काचेची केबिन, हाताखाली चार माणसं. कोट तेवढा खरा निघाला. बाकी एक उंच स्टूल, एक टेबल आणि दिवसभर परक्यांचं रक्त. लस टोचलेल्या माणसांचं रक्त तिच्याकडे यायचं आणि त्यात लशीचा काही परिणाम झाला का, ते ती बघायची. घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची, मग आंघोळ, मग आमच्याशी बोलणं. नवऱ्याचा हात धरायला तरी परवानगी आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. ती हसली. हसते छान, तेवढं मान्य करायला हवं.

सासऱ्यांचं चौकात चष्म्याचं दुकान. अरुंद, लांबट, एका भिंतीला आरसे आणि दुसऱ्या भिंतीला फ्रेमा. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं आणि हे त्याच्या नाकासमोर नाक आणून काडी कानामागे नीट बसली की नाही ते बघतात. चष्मा नुसता विकायचा नसतो, चेहऱ्यावर बसवायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. उभा जन्म लोकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन गेला. गिऱ्हाइकाने काय खाल्लंय तेसुद्धा ते सांगू शकायचे.

धाकटी घरात यायच्या आधीची गोष्ट, सासऱ्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सासूबाईंनी आपली एक दिली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं. तेव्हापासून सासऱ्यांना रोज तीन तऱ्हेच्या गोळ्या, जन्मभर. ती किडनी शरीराने बाहेरची म्हणून फेकून देऊ नये, यासाठी शरीराची ताकदच जरा मारून ठेवायची. सर्दी झालेलं माणूस दारात आलं तरी सासूबाई त्याला तिथूनच वळवायच्या. तरी दुकान चालू होतं, आणि सासरे खुशीत होते.

मग तो छातीचा आजार आला. सगळ्यांनाच त्याने घरी बसवलं, पण बाकीचे यथावकाश बाहेर पडले, सासरे नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना झाला तर काही खरं नाही. ते मागच्या खोलीत गेले आणि तिथेच राहिले. लस आली तेव्हा आम्ही त्यांना पहिल्या रांगेत नेऊन दोन्ही डोस दिले. नंतर डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. एका दुपारी फोनवर निरोप आला, तो मीच वाचला. अँटिबॉडी, निगेटिव्ह.

त्या दिवसांत निगेटिव्ह या शब्दाइतका गोड शब्द दुसरा नव्हता. कुणाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे देव पावल्यासारखे नाचायचे. मीही नाचले. सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सासऱ्यांनी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुकानाच्या किल्ल्या खुंटीवरून काढून खिशात टाकल्या. सासूबाईंनी गोडाचं केलं. धाकटी कामावरून आली, तिने दारातच उभं राहून तो निरोप वाचला आणि चपलासुद्धा न काढता म्हणाली, "बाबा, हे निगेटिव्ह आजाराचं नाही, लशीचं आहे. लस लागू पडलेली नाही."

सासऱ्यांनी किल्ल्या परत खुंटीला लावल्या. मला धाकटीचा असा राग आला म्हणून सांगू! जेवणं तरी होऊ द्यायची होती. पण ती म्हणाली की जेवून ते दुकानात गेले असते तर? त्यावर मी भांडी आपटली.

त्यानंतर सासरे मिटत गेले. आधी दुकानातल्या मोडक्या फ्रेमा खोलीत मागवून दुरुस्त करायचे, तेही सोडलं. ताट अर्धं परत यायचं. दाढी वाढली. माझा नवरा खोलीच्या जाळीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा आणि तसाच उठून जायचा. एक दिवस ते सासूबाईंना म्हणाले की मरायचं म्हणून जो खोलीत बसतो तो आणि मरू नये म्हणून बसतो तो, यांत मला काही फरक दिसत नाही. सासूबाईंनी ते आम्हाला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं.

त्याच रात्री जेवताना धाकटीने पहिल्यांदा आपलं काम आम्हाला नीट समजावून सांगितलं. अँटिबॉडी म्हणजे दाराची कडी, चोराला आत येऊ देत नाही. बाबांच्या दाराला कडी बसलीच नाही. पण रक्तात टी पेशी नावाचा दुसरा एक प्रकार असतो, ती घरातली दांडगी माणसं. चोर आत शिरलाच तर त्याला हुडकून काढून बडवतात. नेहमीच्या तपासणीत कडी दिसते, ही माणसं दिसत नाहीत. ती बघायचं काम माझं, असं ती म्हणाली. मी विचारलं, मग यांच्यात ती आहेत का? त्यावर अर्थातच बघावं लागेल. पण गोळ्यांनी त्यांनाच झोपवून ठेवलंय, हेही तिने सांगितलं. जागी राहिली तर पहिली उठून आईंचीच किडनी बाहेर काढतील. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, एवढंच त्यांना कळतं.

तिच्या संस्थेत किडनी बदललेल्या लोकांवर नव्या लशीची चाचणी सुरू होती. ही लस त्या टी पेशींनाच उठवण्यासाठी बनवलेली. सासरे त्यात गेले. रक्त द्यायला त्यांना मी न्यायची, आणि तिथे काचेतून मी धाकटीला काम करताना बघितलं. नळीत तळाशी पाण्यासारखा दिसणारा, पण दाट द्रव. त्याच्यावर ती नळीच्या कडेने रक्त असं सोडत होती की दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. मग ते यंत्रात गरगर फिरवायचं. बाहेर येतं तेव्हा लाल खाली, पिवळं वर आणि मध्ये एक धुरकट कडं. ते कडं ती बारीक नळीने खेचून घेत होती, दुधावरची साय न फाटू देता उचलावी तसं. माझं लक्ष गेलं, तेवढा वेळ ती श्वाससुद्धा घेत नव्हती. त्या कड्यातल्या पेशी बारीक बारीक खळग्यांच्या तबकडीत घालायच्या, त्यात विषाणूचे मेलेले तुकडे टाकायचे आणि झाकून ठेवायचं. ज्या पेशीने तुकडा ओळखला तिच्या जागी दुसऱ्या दिवशी एक निळा ठिपका उमटतो.

सासऱ्यांची नळी मात्र तिने कधी हातात धरली नाही. हे माझे सासरे आहेत, असं तिने पहिल्याच दिवशी वरच्या बाईंना जाऊन सांगितलं, आणि ती नळी पलीकडच्या टेबलावर गेली. मी कपाळावर हात मारला. घरचं माणूस तिथे बसलंय आणि आम्ही डॉक्टरांच्या फोनची वाट बघतोय! तिला म्हटलं की नुसतं डोकावून तरी बघ, तर म्हणाली, "ताई, मी बघितलं तर मला हवे तेवढे दिसतील."

डॉक्टरांचा फोन आला. ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोळ्यांपुढे नव्या लशीचंही काही चाललं नव्हतं. डॉक्टरांनी मग चाचणीचा पुढचा भाग सांगितला. तीन गोळ्यांपैकी एक थोडे दिवस बंद करायची, पेशी जरा जाग्या होऊ द्यायच्या, तेवढ्यात लस द्यायची आणि गोळी पुन्हा सुरू करायची. दर आठवड्याला किडनी तपासायची. धोका काय, तर पेशी किडनीवरच उठू शकतात. सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. मी तर उत्तर आधीच मनात म्हणून टाकलं होतं. पण ती सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "मला वाटतं, करावं."

सासरे जाळीच्या दाराआडून म्हणाले की ते शक्य नाही. बायकोने पोट कापून दिलेली वस्तू मी जुगारात लावणार नाही, ती तिची आहे. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझी आहे ना? मग मी ठरवते. उद्या डॉक्टरांना फोन करा."

मी धाकटीला मोरीपाशी गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की काही बरंवाईट झालं तर मी तुला सोडणार नाही. ती "हो ताई" म्हणाली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

गोळी बंद झाली, लस टोचली. हात दुखला, अंग कसकसलं, त्यावर सासरे खूश, म्हणजे काहीतरी होतंय! पहिली तपासणी ठीक आली. दुसऱ्या वेळी किडनीचा आकडा जरा चढला. डॉक्टरांनी गोळी लगेच परत सुरू केली. पण एका सकाळी सासऱ्यांचे पाय सुजलेले, लघवी जवळजवळ बंद. आम्ही त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

बाहेरच्या बाकावर सासूबाई, धाकटी आणि मी. धाकटीचा चेहरा कागदासारखा. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर ओरडले असते. डॉक्टर येऊन सांगून गेले की शरीराने किडनीवर हल्ला केलाय, जोराचं औषध सलाईनमधून सुरू केलंय. ते गेल्यावर सासूबाईंनी धाकटीला विचारलं, "म्हणजे त्या पेशी जाग्या झाल्या?"

"हो, आई."

"आणि उठून पहिल्या माझ्यावरच धावल्या?" "एवढा संसार केला. पोरं झाली, सुना आल्या. आणि यांच्या रक्ताला मी अजून परकीच?"

हे बोलून त्या हसल्या. खरंच हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. मला काय करावं ते कळेना. धाकटीने त्यांचा हात धरला तर त्यांनी धरू दिला. पुढे जरा बरं वाटल्यावर सासऱ्यांना हे कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले की रक्ताला काय कळतंय.

किडनी वाचली, पण पूर्ण नाही. तिचा बराच भाग निकामी झाला आणि तो काही परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेली किती वर्षं चालेल? ते डॉक्टरांनाही बघावं लागणार होतं. मी धाकटीशी अबोला धरला. लोक म्हणतात तो अन्याय होता. असेल. एका बाईच्या पोटातला अवयव, त्याचा भाग पाण्यात गेला आणि कुणावर रागवायचंच नाही? मी रागावले, आणि तीही मान खाली घालून रागावून घेत राहिली.

गोळ्या पूर्ववत झाल्यावर चाचणीवाल्यांनी पुन्हा रक्त घेतलं. यावेळी ठिपके होते. तबकडी भरून नव्हे, पण कुणीही मोजायचा कंटाळा करावा इतके. त्या जागेपणात पेशी किडनीवर धावल्या खऱ्या, पण तेवढ्यात विषाणूचा चेहराही शिकून घेतला होता आणि गोळ्यांच्या गुंगीतही विसरल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, आता तोंडाला मास्क लावून, दार उघडं ठेवून, थोडा वेळ दुकानात जायला हरकत नाही. कडी अजूनही नाहीये, हे लक्षात ठेवा.

सासरे दुकानात गेले त्या दिवशी चौकातले लोक उगीचच चष्मे दुरुस्तीला घेऊन आले. धडधाकट फ्रेमसुद्धा ढिली झाली म्हणून सांगत होते. सासरे प्रत्येकाला स्टुलावर बसवून काडी वाकवून द्यायचे, सरळ होती ती परत सरळ करायचे. ताट पूर्ण संपायला लागलं. सासूबाईंवर खेकसायलाही लागले, तेव्हा आम्हाला खात्री पटली की गाडी रुळावर आली.

आणि मग व्हायचं तेच झालं. थंडी पडली तसा चौकात आजार पुन्हा पसरला. एका संध्याकाळी सासरे खोकत घरी आले, रात्री ताप चढला. सकाळी तपासणी केली, पॉझिटिव्ह. दवाखान्याने खाट राखून ठेवली आणि सांगितलं की बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावरचा आकडा खाली गेला की क्षणभर थांबू नका. सासरे पुन्हा त्याच मागच्या खोलीत, त्याच जाळीच्या दाराआड.

धाकटीने रजा घेतली आणि दारापाशी बसली. दर तासाला आत जायची, यंत्र लावायची, आकडा बघून बाहेर यायची, हात धुवायची आणि पुन्हा बसायची. मी तिला चहा नेऊन ठेवायची आणि न बोलता परत यायची, अबोला अजून सुटला नव्हता. ताप उतरेना. आकडा काठावर येऊन थांबायचा, थोडा वर जायचा, परत काठावर. सासूबाई तिच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

धाकटी म्हणाली, "आई, मी करावं म्हणाले नसते तर बाबा दुकानात गेलेच नसते. खोलीत असते. तुमची किडनी धड राहिली असती. आणि आज ते बरे असते."

मी हेच तर किती दिवस मनात म्हणत होते. पण तिच्या तोंडून ऐकताना मला ते सहन होईना.

सासूबाई म्हणाल्या, "खोलीत होते तेव्हा बरे होते?" धाकटीने मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. सासूबाई पुढे म्हणाल्या, "ऐक. मी माणसासाठी किडनी दिली होती. किडनीसाठी माणूस नाही दिला. आता रडायचं असेल तर रड, पण यंत्राची वेळ झालीय."

धाकटी उठून आत गेली. त्या वेळी आकडा काठावरून वर सरकला होता. पुढच्या तासाला अजून थोडा. पहाटे सासऱ्यांना दरदरून घाम आला आणि ताप उतरला. दवाखान्याला फोन करून आम्ही खाट सोडली. सकाळी सासऱ्यांनी आतून ओरडून विचारलं की या घरात खायला काही मिळतं की नाही, आणि दिलेलं खाऊन वर मीठ कमी असल्याची तक्रार केली.

तो खोकला बरेच दिवस रेंगाळला, पण चोराला आतल्या माणसांनी बाहेर काढलं होतं. गोळ्यांनी पेंगुळलेली, कमी पडलेली, तरी उठली. नक्की त्यांनीच काढलं का, हे धाकटी छातीठोकपणे सांगत नाही. मी सांगते. पोस्टात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

त्या दुपारी धाकटी सासूबाईंच्या खोलीत, सासूबाईंच्याच पलंगावर आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. माझा नवरा मोठ्याने बोलला तर त्याला हातानेच गप्प केलं. मी विचारलं, संध्याकाळच्या कामाला तिला उठवू का? सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागच्या मागे परत फिरले.

त्या दिवशी दोघींच्या वाटणीची भांडी मी एकटीने घासली. घासता घासता मला रडू आलं, आवरेचना. तिची झोप मोडू नये म्हणून नळ मी अगदी बारीक सोडला होता.